दादाचा सूर

“परक्याच्या बोलण्याला कान देऊ नये,” असं आई सांगायची. तरी देवगाव फाट्यावर एसटीची वाट बघताना मनकर्णाबाईंची जपमाळ थांबलीच. शेजारी सनईची पिशवी मांडीवर घेतलेला म्हातारा आणि लॅपटॉप उघडलेली त्याची नात बसली होती.

“आबा, पडद्यावरच्या ह्या चौकटी तारांनी जोडल्या की आवाज निघतो. मोठ्या आजोबांसारखा, तुमच्या दादांसारखा सूर धरलाय, ऐका.”

“लय सरळ हाय. दादानं चाळीस वर्सं माज्या सनईला बाजूला बसून दुसऱ्या सनईवर एकच सूर धरला. त्याचा असा नव्हता.”

“मग कसा?”

“दम सरत आला की थरथरायचा. मंग वाटायचं, दादा हाय.”

“ही तार हिकडं लावते. आता?”

“जोर कमी कर. एवढी ताकद कुठं ऱ्हायली होती त्याला.”

“आता?”

म्हाताऱ्यानं कान लॅपटॉपजवळ नेला.

“त्योच हाय गं.”

“मग चारठाण्याच्या देवळातली सनई बंद पडू देणार न्हाई, असा शब्द दिलाय ना तुमी त्यांना?”

“दिलाय. पर दादा जाऊन दोन महिने झाले, एकट्यानं वाजवाया बसवंना. तू येतीस?”

“मला पुण्याला जायचंय, आबा. सूर तुमच्या मोबाइलात टाकलाय.”

चारठाण्याची एसटी आली. म्हाताऱ्यानं मोबाइल वरच्या खिशात ठेवला, पिशवी छातीशी धरली आणि तो एकटाच चढला.