कुंडीकडं ध्यान दे

आक्काबाईंना दुसऱ्याचं बोलणं ऐकायची हौस नव्हती. पण पाथर्डी स्टँडवरचा बाक तो केवढा! शेजारी दोन जावा बसल्या होत्या. थोरलीच्या मांडीवर कुंडी होती.

“जाऊबाई, घायपाताचं पिल्लू का वो हे?”

“न्हाई गं कांता. चीनमधल्या डोंगरातलं रोप हाय, कातळावर उगवतंय. तिकडंबी आता फारसं सापडत न्हाई म्हनं. लेकीकडं नेऊन ठेवते.”

“मधी तुरा आलाय.”

“तुरा फुलला की झाड मरतंय. पन त्याचं पान मातीवर ठेवलं की त्याला पिल्लू फुटतंय.”

“मग एक पान मला द्या की.”

“न्हाई.”

“वाटण्या झाल्या म्हनून पानबी न्हाई?”

“मागून नेलेलं रोप जीव धरत न्हाई, चोरून नेलेलंच धरतंय. सासूबाई सांगायच्या, इसरलीस?”

“वाटण्या झाल्यापासनं तुमच्या दारात पाऊल न्हाई माझं. चोरू कवा?”

थोरलीनं कुंडी बाकावर, दोघींच्या मधे ठेवली.

“मी बाटली भरून येते. तवर कुंडीकडं ध्यान दे.”

बाटली भरली, नळ बंद झाला, तरी थोरली इकडं पाठ करूनच उभी होती. आक्काबाईंनीही तोंड दुसरीकडं फिरवलं.

“बस लागली गं. येते.”

“या, जाऊबाई.”

कुंडी उचलून थोरली निघाली. बसच्या दाराशी थांबली, पण वळली नाही.

“कांता, आधी सावलीत सुकू दे. लगेच पानी घालू नको.”