रोमच्या हमामातला टॉवेल

मी कॉलेज सोडल्यापासून आमच्या आप्पांचं एकच पालुपद, याला चिंचोळी एमआयडीसीत चिकटवायचं. स्वतः चाळीस वर्षं टॉवेल विणून काय दिवे लावले, ते मात्र विचारायचं नाही.

परवा दुपारी लाइट गेली, माग थांबले. मी कारखान्यातच गठ्ठ्यांवर आडवा होऊन मोबाइलवर जुन्या रोमची एक चावट मालिका बघत होतो. एक जाडा सरदार दुसऱ्याच्या बायकोबरोबर हमामात लपला होता. पडद्यावर वाफ, इकडं उन्हाच्या तिरपीत तरंगणारी सुताची धूळ. कुठली कुठं संपते कळेना.

तेवढ्यात आप्पांनी मोबाइल हिसकला. "लाज न्हाय वाटत? सोमवारपास्नं कामावर. आन् ह्यो मोबाइल आता माझ्याकडं."

बोलता बोलता त्यांची नजर पडद्यावर अडकली.

"हे मागं कसं घ्यायचं?"

मी घेऊन दिलं.

"बाई न्हाय रे, तिच्या खांद्यावरचा टॉवेल बघ. ही किनार माझी हाय. मी विणलीय."

"आप्पा, दोन हजार वर्षांपूर्वीचं रोम आहे ते."

"असू दे की. टॉवेल आपलाच हाय."

इतकं हळू बोलले, की मला खोडून काढवेना. आमच्या मागावरून सुटलेला टॉवेल त्या वाफेत पोचलाय, असं मलाही क्षणभर वाटलं.

सोमवारी डबा घेऊन निघालो, तर म्हणाले, "उद्या जा की. ते रोमचं लाव."

आई आली की सांगतात, टॉवेल बघतोय.

आज सातवा भाग बघितला. त्यात कुणाच्याच अंगावर टॉवेल नव्हता.