तोंड शिवता येत नाही

नाही, ते मोबाईल पहिले खाली ठेवा. रेकॉर्डिंग मंग पाहू. पहिले हा कागद कोणं लिहिला ते सांगा. तुम्ही नाही लिहिला? ठीक हाये, तुम्ही दवाखान्याच्या नोकरीवरल्या, पण हातात तर तुमच्याच हाये ना? वाचा बरं मोठ्यानं. नाही वाचत? मंग मीच वाचतो. 'मी पंचफुला हिंमतराव इंगळे, राहणार मेहकर. वजनाच्या ऑपरेशननंतर सुरुवातीला मी पथ्य पाळले नाही. चोरून गोडधोड खात होते, त्यामुळे वजन हळू उतरले. परंतु सरांनी वेळोवेळी प्रेमाने समजावले'— प्रेमानं. कोणत्या दिवशी समजावलं हो प्रेमानं? तारीख तरी लिहा लागत होती. आन हे मी रविवारी बुलढाण्याले, तुमच्या शिबिरात, दोनशे बायायसमोर बोलाचं? म्हणजे त्या बाया म्हणतीन, पाहा, चूक तिचीच होती बिचारीची, डॉक्टर तर देवमाणूस हाये. असंच ना? असंच हाये. तुम्ही मान खाली घातली म्हणजे असंच हाये.

मी ऑपरेशनले खराब म्हणत नाही, हे पहिले समजून घ्या. एकशेएकवीस किलो होती मी. शिलाई मशीनवर बसली का पोट टेबलाले टेके, गुडघे असे का पायडल मारनं होये ना, शेवटी मशीनले मोटर बसवली. साखर तीनशेच्या वर. तुमच्याच दवाखान्याचं शिबिर लागलं होतं इथं, लग्नाच्या हॉलमध्ये. पडद्यावर फोटो दाखवले— ही बाई आंधी, ही बाई नंतर. मोठे डॉक्टर, हेच तुमचे सर, सोता आलते. माह्या हातावर हात ठेवून म्हणे, आई, वर्षभरात ऐंशीवर याल. आई म्हणे मले तवा. हिंमतराव संग होता— हो, नवऱ्याचं नाव घेतो मी. आंधी नव्हती घेत, छकुलीचे बाबा म्हणो. आता घेतो. काऊन ते इचारू नका. तर मी गेली, सोताच्या पायानं गेली, कोणी ढकललं नाही मले. पोट लहान केलं, आतडं वळवून लावलं, पाच दिवसात घरी आली. पहिल्या महिन्यात अकरा किलो उतरलं. अख्ख्या गल्लीत मी सांगत फिरली.

मंग अडलं. तीन महिन्यानं एकशेसहा, सहा महिन्यानं एकशेतीन. तपासाले गेली तर सरच्या कॉम्प्युटरमध्ये एक तिरपी रेघ होती, खाली उतरणारी— बाकीच्या बाया त्या रेघेवर, आन माहा ठिपका वरतीच लटकलेला. सर त्या ठिपक्याशीच बोलत होते, माह्याकडे पाह्यलं नाही. काय खाता? मी सांगतलं— दोन चमचे वरण, पाव भाकर ज्वारीची, तेही कुस्करून, अर्धा कप दूध. त्याच्या वर खाल्लं का उलटी होते. संग दोन शिकाऊ डॉक्टर उभे होते, त्याइच्याकडे वळले अन् म्हणे, "बघा, सगळ्या असंच सांगतात. आपण पोट शिवू शकतो. तोंड शिवता येत नाही." ते दोघं हसले. हसू दे, नोकरी हाये त्याइची. हिंमतराव पण हसला. तो माह्या बाजूच्या खुर्चीवर बसून हसला, हे मी अजून विसरली नाही.

मी बावीस वर्षं झाले शिवून राह्यली, बाई. ब्लाउज मुंढ्यात, बगलेपाशी, दाटला तर मी गिऱ्हाइकाले असं नाही म्हणत का तुमचं आंग खोटं बोलते. उसवतो. पाहतो कुठं चुकलं. कधी माप चुकलेलं असते, कधी कापडच तसं असते— धुतल्यावर आटणारं, त्याले शिवणारी तरी काय करन? पण उसवून पाहा तर लागते ना? मी सरले म्हटलं, साहेब, कमर बावन्न होती ते सेहेचाळीस झाली, मी टेपनं मोजली. सोताची लाज सोडून म्हटलं. तर म्हणे, टेप शिंप्याकडे चालते, इथं काटा चालतो. झालं. पुढचा पेशंट.

घरी आल्यावर सुरू झालं मंग. शेंगदाण्याच्या डब्याले हिंमतराव पेनानं खूण करे, किती उतरले ते पाहाले. गुळाची ढेप कपाटात, चावी त्याच्या खिशात. मी जेवाले बसली का समोर येऊन बसे आन पेपर वाचल्यासारखं करे. मले तर घास गिळनंच होये ना. माणूस समोर पाहून राह्यला तर ते वरणही गळ्यात अडकते, खरं सांगतो. वाईट नव्हता तो, हां. कधी हात उचलला नाही. त्याले वाटे डॉक्टर बराबर हाये, एवढा शिकलेला माणूस कायले खोटं बोलन? बायको बोलू शकते. बायको शिकलेली नाही.

हाव, येतो ना, येतो मी तुमच्या कागदावर. घाई कायची हाये? बस साडेचारची हाये तुमची.

मंग केस गळाले लागले. कंगवा भरून. चक्कर ये, पायाले मुंग्या, बोटाले मुंग्या, सुईत दोरा ओवतानी दहा-दहा वेळा चुके. गेली पुन्हा, दोन एसट्या बदलून. सर म्हणे, वजन कमी होताना केस जातातच. मी म्हटलं, पण साहेब, वजन तर कमी होऊन नाही राह्यलं म्हणता ना तुम्ही? बस, एवढंच म्हटलं. त्याइले राग आला. म्हणे, रोज चाला, आधी दहा किलो कमी करून या, मग बोलू. आई-बिई काही नाही आता. रक्त तपासलं नाही. ताकदीच्या गोळ्या तीन महिन्याच्या लिहून देल्या होत्या, त्या संपल्या, पुढं घ्याच्या का नाही ते कोणं सांगतलं नाही— घरी नेलेल्या कागदावर असन लिहिलेलं, इंग्रजीत. मी सातवी शिकली, बाई.

त्याच्या पुढच्या खेपेले सर भेटलेच नाही. शिकाऊ होता त्यातला एक. त्यानं दार लावलं, खुर्ची जवळ ओढली आन म्हणे, "मावशी, खरं सांगा. खरं सांगितलं तरच मदत करता येईल." हिंमतराव म्हणे, सांग ना. दोघंही माह्या तोंडाकडे पाहून राह्यले. मी म्हटलं, हो. खातो. काय खाता? मी म्हटलं, बालुशाही. शेव. गुलाबजाम. तोंडात येईन ते म्हटलं मी. कधी खाता? म्हटलं, हे घरी नसले का. तो पोरगा भराभर लिहून घेये, एवढा खुश झाला का काय सांगू. आतून सरले बोलावून आणलं. सरनं पहिल्यांदा माह्याकडे पाह्यलं, पाठीवर हात ठेवला, म्हणे, शाब्बास, प्रामाणिकपणा ही पहिली पायरी. हेच असन तुमच्या कागदातलं प्रेम. दुसरं तर मले आठवत नाही.

आता कसं पाहून राह्यल्या? हो, खोटं होतं. नव्हतं खाल्लं मी. एक दाणा नव्हता खाल्ला.

काऊन म्हटलं? सोपं हाये तुम्हाले इचारणं. थकली होती मी. एकच गोष्ट दीड वर्ष सांगून राह्यली होती आन कोणी घेये ना. दुसरी सांगतली तर लगेच घेतली.

पण ते फाईलमध्ये बसलं ना. काहीही सांगाले गेली तर फाईल उघडा, 'आहारात अनियमितता, रुग्णाने मान्य केले', फाईल बंद. आन घरी? छकुलीच्या साखरपुड्याले मी ताटात चार शितं भात आन वरण घेतलं होतं. व्याही-विहीण समोर. हिंमतरावनं ताट घेतलं माह्या हातातून आन म्हणे, डॉक्टरजवळ कबूल केलं हिनं, चोरून खाते, लिहिलेलं हाये तिथं. हसतच म्हणे. सगळे हसले, छकुली तेवढी हसली नाही, ती उठून अंदर गेली. मी काय म्हणाचं? आपणच सांगतलेलं खोटं हाये म्हणून कोण मानते?

मांगच्या दिवाळीच्या आंधीची गोष्ट. इथंच, ह्या मशीनवर. मोतिया रंगाचं ब्लाउजपीस होतं, लग्नातलं, अस्तर लावून राह्यली होती. कापडावर लाल थेंब दिसला. मी म्हटलं, हे कायचं? दुसरा पडला, तिसरा. मंग पाह्यलं तर सुई ह्या बोटाच्या नखातून आरपार गेलती आन मशीन चालूच होती. मले दुखलं नाही, बाई. समजलंच नाही. मोटर बंद केली, बोट सोडवलं, आन पहिली चिंता कोणती, तर कापडाचा डाग जाईन का नाही.

इथल्या सरकारी दवाखान्यात गेली पट्टी कराले. डॉक्टरीण होती, छकुलीएवढीच असन. तिनं पट्टी नाही केली लगेच. बोट हातात धरून बसली आन म्हणे, मावशी, हे दुखलं कसं नाही तुम्हाला? बस. त्या एका प्रश्नापासून सगळं निघालं. रक्त घेतलं. बी-बारा म्हणते ना ते, दोनशेच्या वर पाह्यजे, माहं सत्तर. हिमोग्लोबिन सात. म्हणे, ह्या ऑपरेशननंतर ते पोटातून आंगात जातच नाही नीट, इंजेक्शन नाहीतर गोळ्या जन्मभर घ्या लागतात, कोणी सांगितलं नाही का? मले वाटलं, ही पण म्हणीन का गोळ्या तुम्हीच चुकवल्या असतीन. तसं नाही म्हटलं तिनं. मंग म्हणे, काय खाता? मी सांगतलं, दोन चमचे वरण, पाव भाकर. तिनं तसंच लिहून घेतलं. मी जे बोलली तेच लिहिलं. मी तिथं टेबलावर डोकं टेकवून रडली. आन ती म्हणे, अहो, चोवीस किलो उतरलं तुमचं, साखरेची गोळी बंद झाली, गुडघे मोकळे झाले, हे कमी आहे का? एखाद्याचं शरीर हळू उतरतं, त्यात गुन्हा काय? साखरेची गोळी बंद होऊन आठ महिने झाले होते तवा. तुमच्या सरनं एक वेळा तरी इचारलं होतं का साखरेचं? आता बरे इचारून राह्यले, फोटोखाली लिहाले.

तो रिपोर्ट घेऊन मी गेलती तुमच्याकडे. हो, गेलती. फाईल उघडली, तीच ओळ वाचली, आन म्हणे, मग गोळ्याही चुकवल्या असतील. बाहेर याले मले दीड मिनिट लागलं नाही.

आता बोटं बरीच आली परत, हे दोन सोडून. दोरा ओवाले तारेचं ओवणं लागते. पायाचं म्हणान तर चप्पल निघून पडली तरी रस्त्यात समजत नाही, लोक हाका मारते, बाई, चप्पल. डॉक्टरीण म्हणते, उशीर झाला, जेवढं येईन तेवढं येईन.

तुम्ही पडद्यामांगं काऊन पाहून राह्यल्या? शेगडी हाये. गादी हाये. राहतो मी इथंच, चैतापासून. दुकान माह्या नावावर हाये, कोणाचं काही खाऊन नाही राह्यली. तो आलता दोन वेळा न्याले. मी म्हटलं, छकुलीच्या सासरच्याइसमोर एकदा म्हण का हिनं खाल्लं नव्हतं, लगेच येतो. तो म्हणे, पण तूच तर सांगतलं होतं. बराबर हाये त्याचं. इथंच तर मी अडतो. डॉक्टरनं केलं ते डॉक्टरनं केलं, पण ते एक वाक्य माहं हाये, माह्या तोंडातून गेलेलं.

आन सांगू का? त्या दिवशी, कबूल केलं त्या दिवशी, घरी येतानी एसटी चिखलीच्या स्टँडवर थांबली. हिंमतराव पाणी घ्याले उतरला. मी पण उतरली आन दुकानातून एक बालुशाही घेतली. म्हटलं, गुन्हा लिहून तर आली, करून तरी पाहा. एक घास घेतला. तिथंच भिंतीले धरून उलटी केली. लोक पाहून राह्यले. तोंड पुसून गाडीत बसली, तो येऊन म्हणे, पाणी पे. मी पेली. हे मी छकुलीले नाही सांगतलं, डॉक्टरणीले नाही सांगतलं. तुम्हाले काऊन सांगून राह्यली मी, तुम्ही कोण माह्या?

ऐका. मी येतो रविवारी. खरंच येतो, तुमच्या बॅनरसमोर उभी राहतो, साखर गेली म्हणतो, तेही खरंच हाये. पण पहिले, माही फाईल संग आणली ना तुम्ही, त्या फाईलमध्ये एक ओळ लिहा. आता, इथं, पेन हाये ना तुमच्याजवळ? लिहा, 'बाईनं खाल्लं नव्हतं.' तीन शब्द हायेत. मी सही करतो खाली. तारीख टाका आजची.

सरले इचारा लागन?

हो. बराबर हाये. इचारा सरले.

या हो ताई, या अंदर, ब्लाउजचं माप ना? या. ह्या निघाल्याच हायेत. उठा बाई, त्याइले उभं राहाले जागा द्या.