माठातली तुरटी

हे मी सांगायचं नाहीये खरं तर, आईनं मला गळ्याची शपथ घातलीय – पण तुम्ही चप्पल घालायला लागलात ना काका, म्हणून. बसा ना. बाबा येतीलच. स्टँडजवळच्या गाडीवर गेलेत, आणि गरम वडे कढईतून निघेपर्यंत ते तिथून हलणार नाहीत, पाहुण्याला गार वडा देणं त्यांना चालत नाही. आई वर गच्चीत कुरडया उलटतेय. म्हणजे तेवढाच वेळ आहे. मी अशी बोलत नाही हां कुणाशी, वर्गात बाईंनी नुसतं नाव घेतलं तरी मी बाकाखाली पेन्सिल शोधायला लागते – पण तुम्ही हसलात. हो, हसलात, बाबा जिना उतरल्यावर. मला कपाटाच्या काचेत दिसलं. त्यांनी भाव सांगितला तेव्हा तुम्ही चष्मा पुसत बसलात, मग ते गेल्यावर हसलात, आणि आता ते आले की तुम्ही त्यांना सांगणार, की अहो या पदकांना नुसता चांदीच्या वजनाचा भाव – हो ना? तेच नका सांगू. तेवढंच म्हणायचंय मला.

तुमचं बरोबरच असेल. दादरच्या नाणीवाल्यांच्या मेळाव्यात तुम्हाला सगळे मानतात असं बाबा म्हणाले, चारुदत्त साहेब आपल्या घरी येणार म्हणून त्यांनी काल स्वतः पंखे पुसले. आणि पदकाला नाण्यासारखा भाव येत नाही हे मलाही कळतं – पदक म्हणजे ना धड नाणं, ना धड दागिना, त्यावर किंमत नसते, राजा नसतो, नाणीवाले म्हणतात आमचं नाही आणि सराफ म्हणतो वितळवून देऊ का. पण बाबांना हे पटत नाही. त्यांनी लग्नाच्या आधी नाव नोंदवलेलं, दर महिन्याला टपालानं चांदीचं एक पदक यायचं, प्रत्येकावर वेगळा पक्षी. आई अजून म्हणते, माझी जोडवी केली हलकी आणि यांच्या घुबडाला एवढी चांदी! बारा पक्षी, आणि असे तीनशेच संच काढून ठसे मोडून टाकले म्हणे. मग चांदी चढली तेव्हा कितीतरी लोकांनी आपापले पक्षी वितळवले, म्हणजे उरलेल्यांचा भाव वाढणारच, ही गुंतवणूक आहे, हौस नाही – हे आम्ही जेवताना इतक्यांदा ऐकलंय ना, की ते पहिला घास घेतानाच आई म्हणते, आज कुठला पक्षी?

हो, अकराच आहेत. मोजलेत ना तुम्ही. मोर नाहीये. तोच तर विकला. म्हणजे – विकला गेला. म्हणजे तेच मी सांगायचं नाहीये.

गेल्या वर्षी आई थट्टेत म्हणाली, एक तरी विकून दाखवा. बाबांना लागलं ते. सगळ्यात देखणा मोर काढला आणि बाजारात कमळाकर सराफांकडे ठेवला, चांदीच्या चौपट भाव सांगून. सराफांनी तो करंडा आणि बाळाच्या वाळ्यांच्या मध्ये मांडला. झालं. बाबा कळंबोलीहून, लोखंडबाजारातल्या त्यांच्या ऑफिसातून, सुटले की रोज त्या दुकानावरून यायचे. आत नाही जायचे, समोरच्या पानवाल्याकडे उभं राहायचे, पान न खाता. गणपती गेले, पावसाळा गेला. घरी येऊन म्हणायचे, मोठ्या वस्तूला वेळ लागतो. मग काही म्हणेनासेच झाले. जेवताना पक्ष्यांचं नावच नाही – आणि काका, आम्हाला एवढी शांतता सहन नाही हो होत. मग आईची भिशी लागली. शिलाई मशीन घेणार होती ती, पायाचं. आणि घेतला काय, तर मोर. चौपट भावानं. घासाघीससुद्धा नाही केली, ती कोथिंबिरीच्या जुडीला करते हो! सराफांना म्हणाली, मुंबईचं गिऱ्हाईक आलं होतं म्हणून सांगा. सराफ काय, त्यांना तर हुरूपच आला. सफारी सूट म्हणाले, सोन्याच्या काड्यांचा चष्मा म्हणाले, फियाट म्हणाले – फियाट त्या गल्लीत शिरते तरी का?

बाबा त्या दिवशी जिना दोन-दोन पायऱ्या चढून आले. श्रीखंड आणलं, आणि आईला साडी. म्हणजे आईच्याच पैशांची आईला साडी, आणि रंगही तिला न आवडणारा! ती नेसली, आणि वर म्हणाली, हरले बाई मी. त्या दिवसापासून बाबांचा भाव ठरला. मोर ज्या भावानं गेला त्याच भावानं बाकीचे. आता कळलं ना कुठून आला तो आकडा? तुम्ही ज्याला हसलात तो बाजारभाव आमच्या आईनं काढलाय.

म्हणून म्हणते, घेऊ नका हवं तर. फक्त म्हणा, भाव वाजवी आहे, मलाच जमत नाही. एवढं एक वाक्य. तुम्ही म्हणालात की ते वर्षभर जेवताना सांगतील.

मोर? आता कुठंय? नाही, ते मी – बरं, पाणी कसं लागलं तुम्हाला? मघाशी तांब्याभर प्यायलात ते. गार होतं ना? वाळा घालते आई, आणि – असे बघू नका, स्वच्छ असतं – चांदीनं पाणी शुद्ध राहतं म्हणतात, कितीतरी घरी माठात चांदीचा रुपया टाकतात. कपाटात ठेवला असता तर बाबांना सापडला असता. ओगराळं बुडवलं की तळाशी टण्ण वाजतं. आईनं सांगून ठेवलंय, तुरटीचा खडा आहे. इतके महिने झाले, तुरटी विरघळत कशी नाही हे बाबांनी कधी विचारलं नाही, इतके भोळे आहेत ते. मध्ये आईची कंबर धरली होती तेव्हा माठसुद्धा तेच घासायचे, तरी नाही कळलं! चष्मा काढून घासत असणार.

दाखवू? पण हात लावून परत द्यायचा हां. थांबा.

हा घ्या. ओला आहे, फ्रॉकला पुसते – अहो! ओरडलात केवढ्यांदा! बरं, नाही पुसत. रुमालात धरा. हो, डाग पडलेत थोडे, पिसाऱ्यावर. कडेला बघा, संचाचा आकडा आहे ना बारीक? बाकीच्या अकरांवर तोच आहे, मीच लावून बघितलाय, आई झोपली असताना. म्हणजे संच मोडलेला नाहीच. फक्त एक पक्षी पोहायला गेलाय.

काय झालं? तुम्ही परत बसलात. चप्पल काढलीत.

खरंच? डागांसकट? पूर्ण संच असेल तर – बाबांच्या भावाला? सगळे बारा? म्हणजे बाबा बरोबर होते? म्हणजे आईनं उगाच – नाही, उगाच नाही – पण काका, मग हे त्यांना सांगायला हवं, आणि सांगायचं तर मोर कुठून आला ते सांगावं लागेल, आणि मग तो सफारी सूट, ती फियाट... नको, नको, पाकीट आत ठेवा. बाराचा भाव नकोच. मोर आईचा आहे, तिला विचारल्याशिवाय – द्या तो इकडे, माठात टाकून येते पटकन, बाबा मागच्या जिन्यानं स्वयंपाकघरातूनच येतात, आणि बाहेरून आले की आधी माठाकडेच – ऐकलंत? कडी वाजली. आलेच ते. वड्यांचा वास आला. काका, रुमाल द्या ना! ओगराळं घेतलं त्यांनी. ते वाक्य लक्षात आहे ना तुमच्या, भाव वाजवी आहे, मलाच –

ओ बाबा! आले, आले! – काय? – माठ वाजत नाहीये? – हो, ती तुरटी ना, बाबा, ती आज – काय म्हणालात? आईला कळायच्या आत मोर परत टाक? बाबा, म्हणजे तुम्हाला –