साहेबाच्या डोळ्यातली मिरची

माहेर म्हणा, सासर म्हणा, माझं सारं उमरेडकडचंच, पण आमचं खेडं आता तुम्हाले दाखवता येत नाही भाऊ, कोळशाच्या खाणीत गेलं ते. सरकारनं उठवलं तवा माझा बाप साहेबापुढं हात जोडून उभा, म्हणे मायबाप, विहीर तेवढी राहू द्या. साहेब घड्याळ पाहे. तवापासून कोणी असा हात जोडून उभा दिसला का मले घिन येते, मंग तो देवळात का असेना.

मंग आम्ही नागपुरात आलो, कळमन्याच्या मिरची बाजारामागं, टिनाच्या घरात. जागा सरकारनंच दिली, दिवाळीपर्यंत नळ देतो म्हणे, कोणती दिवाळी ते नाही सांगितलं. माझे पोरं टँकरच्या लाइनीतच मोठे झाले. मी मिरचीवर जाते, म्हणजे वाळल्या मिरचीचे देठ खुडायचे, दिवसभर बसून. काय सांगू तुम्हाले, हात साबणानं धुवा, राखेनं धुवा, मिरची जात नाही. लेकरं लहान होते तवा त्याईच्या डोळ्यात काजळ मी कधी घातलं नाही, शेजारीण घाले.

तं इतक्या वर्षानं नळ आला. साऱ्या वस्तीले एक नळ. उद्घाटनाले मोठा साहेब येणार, मंडप टाकला, बायाईले सांगितलं ओवाळा. नळाले पाणी नव्हतंच भाऊ. भिंतीमागं टँकर उभा केला अन त्याचा पाइप नळाले जोडला, आमच्यासमोर जोडला, आमची लाज कशाले धरतील ते. अन ते पाहूनबी आम्ही ताट घेऊन उभ्या राहिलो, त्याची मले आजबी ओकारी येते. मी कामावरून तशीच आली होती. कुंकू ओलं केलं, बोटानं साहेबाच्या कपाळाले लावलं, डोळ्याचं ध्यानातच नाही आलं. साहेबानं नळ उघडला, फोटो निघाले, टाळ्या झाल्या, टँकरवाला पाइप सोडून चालला गेला. ऊन मरणाचं. साहेबाले घाम आला, त्यानं कपाळ पुसलं, अन त्याच हातानं डोळे पुसले. मंग काय, पाणी द्या पाणी द्या करत नळाकडंच धावला. उघडला तं नुसती हवा. मागून कोणीतरी हसली, मंग साऱ्याच हसल्या, अन तेच भोवलं.

पोलिसाईनं मलेच नेलं. साहेबावर हल्ला म्हणे, सरकारी कामात अडथळा म्हणे. ठाणेदार म्हणे, काहून वं बाई, सरकारच्या विरोधात बंड करून राहिली काय तू. मी म्हटलं साहेब, मी ओवाळून राहिली होती.

जामिनावर घरी आली, उद्या कोर्टात तारीख आहे. वकील म्हणे मावशी, माफी लिहून दे, साहेबाचं मन वळवतो, सुटशील. आमचा म्हातारा म्हणे, दे वं लिहून, तू जेलात गेली तं मले कोण पाहीन. अन कॉलेजातले पोरं येतात, ते म्हणे आजी, मुद्दाम केलं म्हणून सांग, जुलमी सरकारवर बंड करणं हा गुन्हा नाही. त्याईनं माझं पोस्टर काढलं, मुठीत मिरच्या दिल्या. एकानंबी बादलीभर पाणी नाही आणलं. त्याईचीबी घिनच येते मले, पण बोलतात ते काही खोटं नाही.

तुम्ही विचारून राहिले ना, गरिबानं सरकारवर उठावं काय. काहून नाही उठावं? गाव घेतलं, विहीर घेतली, अन वरून आमच्याच हातानं ओवाळून घेतलं. एवढं झाल्यावर माणूस उठला तं त्याले पापी कसं म्हणू मी. जीव कोणाचा घेऊ नये, एवढं मले कळते. पण मी कुठं उठली भाऊ, मी तं कुंकू लावलं. केस झाली त्याचं काही नाही, ते कुंकू लावलं तेच सलते.

तं माफी मी लिहून देत नाही. चुकून झालं हे सांगीन, कारण ते खरं आहे. मुद्दाम करायले पाह्यजे होतं हेबी सांगीन, वकील डोक्याले हात लावीन तं लावो. म्हाताऱ्याच्या भाकरीचं शेजारणीले सांगून ठेवलं. तुमचे लेकरंबाळं सुखी राहो भाऊ, आमचं काय. जेलात म्हणे दोन्ही टाइम नळाले पाणी येते.