कुळाचाराचं बोलावणं

(सर्बियातलं एक गाव, डिसेंबरातली दुपार. घराण्याच्या संताचा, निकोलसचा, कुळाचार उद्यावर आलाय. स्वयंपाकघरात ऐंशीला टेकलेली देसांका, तिची भाची ल्युबिंका आणि नोवी साद शहरातून आलेला भाचा बुदिमिर.)

देसांका : थांब जरा. तू लोकांना काय पाठवलंस म्हणालास?

बुदिमिर : निमंत्रणं, आत्या. छापून घेतली. खाली वेळही टाकलीय, पाच ते आठ.

देसांका : कुळाचाराला निमंत्रण. ल्युबिंका, ऐकतेस ना? लग्नाची पाहिली, बारशाची पाहिली, मेलेल्यांची दारावर चिकटवलेली पाहिली. कुळाचाराचं आज पहिल्यांदा ऐकतेय. अरे, ज्याला यायचं तो आपणहून येतो. तू कोण बोलावणारा?

बुदिमिर : ते गावात. शहरात कोणी असं दार वाजवत नाही.

ल्युबिंका : मला अजून मासे साफ करायचेत. बुदा, तुला संताची तसबीर हवीय, एवढंच ना?

बुदिमिर : ताई, मी भांडायला आलो नाही. कुळाचार बापाकडून मुलाकडे जातो. नियम मी केलेला नाही. बाबा गेले, आता मी.

देसांका : नियम मला सांगतोस? एकोणिसाव्या वर्षी याच घरातला संत सोडून मी नवऱ्याचा संत घेतला. मुलगी म्हणजे पाहुणी, हे तुझ्या जन्माआधीपासून ठाऊक आहे मला. पण ही पाहुणी होती का? अकरा वर्षं बापाचं अंग पुसलं हिनं. तू फोनवर विचारायचास, बाबा कसे आहेत, आणि हिचं उत्तर पुरं होईतो तुला दुसरा फोन यायचा.

बुदिमिर : मी नोकरी करत होतो.

देसांका : ही काय झोपा काढत होती? बेकरीत पहाटेची पाळी करून घरी यायची.

ल्युबिंका : आत्या, पुरे.

देसांका : पुरे कशाला? ऐकू तर दे. कोण कोण येणार तुझ्याकडे?

बुदिमिर : ऑफिसातले. नवे संचालक आणि त्यांची बायको. जानेवारीत विभागप्रमुख ठरायचाय, आत्या. साहेबांना घराणं, परंपरा असलं फार आवडतं. तसबीर दीडशे वर्षांची आहे असं मी सांगून बसलोय.

ल्युबिंका : ऑफिसात किती जण?

बुदिमिर : चौदा. निमंत्रण अकरा जणांना.

ल्युबिंका : आणि उरलेले तिघं?

बुदिमिर : एक ड्रायव्हर. एक मिलुंका, ती साफसफाई करते. तिसऱ्याचं साहेबांशी पटत नाही.

देसांका : वा. मी बारा-तेरा वर्षांची असेन. माझ्या बाबांच्या कारखान्यातला कम्युनिस्ट पक्षाचा चिटणीस मागच्या दारानं यायचा, टोपी डोळ्यांवर ओढून. देव नाही, असं बाहेर भाषण द्यायचा आणि इथं प्रसादाचा गहू दोन वाट्या खायचा, माशाचं डोकं चोखायचा. सोमवारी कारखान्यात बाबांना ओळखही दाखवायचा नाही. तरी आई दर वर्षी त्याची जागा राखून ठेवायची. आणि तू झाडूवालीला गाळलीस.

बुदिमिर : काळ बदलला, आत्या.

देसांका : निमंत्रणं छापायला काळ बदलला, आणि तसबीर न्यायला नियम जुना. दुकानात आल्यासारखं सोयीचं तेवढं उचलतोस.

बुदिमिर : ताई, तूच बोल. मी जबरदस्ती करणार नाही.

ल्युबिंका : मला एक सांग. उद्या इथं पन्नासेक माणसं येतील. बाबांच्या बरोबरची, खालच्या आळीतली, पलीकडच्या गावातला तो घोडेवाला. त्यांना तुझा पत्ता देऊ?

बुदिमिर : छे, भलतंच. म्हणजे, हॉल लहान आहे गं. आणि ती माणसं... साहेबांसमोर कसं दिसेल? तू उद्या दार बंद ठेव ना. कुळाचार आता मुलाकडे गेला म्हणून सांग.

ल्युबिंका : आणि मी?

बुदिमिर : तू ये की. चारलाच ये. हॉटेलवाल्यांना प्रसादाचा गहू जमत नाही म्हणे, आणि आमच्या विओलेतानं लग्न झाल्यापासून कधी केलेला नाही.

देसांका : बघ बाई, तुलाही बोलावणं आलं.

ल्युबिंका : आत्या, ते स्टूल सरकव इकडे.

देसांका : कशाला? ल्युबिंका, खाली उतर. असली मिजास चालवून घ्यायची नसते.

ल्युबिंका : धर ही तसबीर, बुदा. मागची तार सैल झालीय, खालून हात दे. बाबा गेल्यापासून चार महिने मला झोप नव्हती. वाटायचं, तू संत घेऊन जाशील आणि त्याच्यामागोमाग ही सगळी माणसंही जातील, मग मी उद्याच्या दिवशी एकटी या घरात काय करू? तुला माणसं नकोच होती. मग ने ही.

बुदिमिर : रागावून देऊ नकोस, ताई.

ल्युबिंका : रागावले नाही. पण दार उघडं राहील. पाद्री दहाला इथंच येतोय. काल मी त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, पाव भाजून ठेव, मी येतो.

बुदिमिर : म्हणजे एका संताचा कुळाचार दोन ठिकाणी? लोक हसतील मला.

देसांका : तुझे नाही हसणार. त्यांना आठपर्यंतचीच परवानगी आहे. नीघ आता, रस्त्यावर बर्फ धरेल. आणि त्या विओलेताला सांग, शिजलेला गहू पुसून कोरडा करून मगच वाटायचा. नाहीतर साहेबांना खीर वाढेल.

बुदिमिर : येतो, ताई.

ल्युबिंका : ये. सांभाळून ने.

देसांका : गेला. दार लावताना मागं वळूनही पाहिलं नाही बेट्यानं.

ल्युबिंका : आत्या, भिंत बघ ना. बाकी सगळी धुरानं काळवंडलीय आणि तेवढाच चौकोन पांढराशुभ्र राहिलाय. उद्या सगळ्यांच्या नजरेत येईल. कॅलेंडर लावू का तिथं?

देसांका : काही लावू नकोस. उद्याची मेणबत्ती त्या चौकोनासमोरच ठेव.