भाऊजींचं ‘नक्की सांगता येत नाही’

आदरणीय अध्यक्ष महोदय, आमच्या मालकीणबाई, व्यासपीठावरची पाहुणेमंडळी, रंगखात्यातले सोबती आणि आज मुद्दाम पुढच्या रांगेत बसवलेले सत्कारमूर्ती, म्हणजे माझे धाकटे दीर,

भाऊजी आज निवृत्त होताहेत. मला दोन शब्द बोला म्हणाले. दोनात आटोपलेली मी कुणी पाहिलीय का?

कापडावर रंग कसा बसेल हे भाऊजींनी सांगायचं आणि आमच्या घडीखात्यानं मान डोलवायची, ही इथली रीत. ते गेल्यावर सांगणार कोण? म्हणून इथंच कामाला असलेल्या त्यांच्या सुनेनं संगणकात एक सल्लागार बसवला. शिकलेले त्याला तज्ज्ञ प्रणाली म्हणतात, मी छोटे भाऊजी म्हणते. तिनं सासऱ्यांना कचेरीत बसवून प्रश्न विचारले, यांनी धडाधड उत्तरं दिली. कुठंच अडले नाहीत. सुनेसमोर अडणारा सासरा तुम्ही पाहिलाय?

पहिल्याच मोठ्या कामात निळ्या कापडावर डाग उठले. छोटे भाऊजी खऱ्या भाऊजींइतक्याच छातीठोकपणे चुकले होते. मालकीणबाईंनी बजावलं, पुन्हा असं झालं तर हे बंद. पोरीची सगळी मेहनत पणाला लागली.

ती माझ्याकडे आली. म्हणाली, काकू, आता प्रश्न तुम्ही विचारा. शहाणी पोर. असला सल्लागार चांगला निपजणं नुसत्या यंत्रावर नसतं. कुणी विचारलं, कुठं बसून विचारलं, यावरही असतं. आम्ही रंगाच्या हौदापाशी स्टुलं टाकली. मी म्हटलं, क्षारांचं जड पाणी आलं की निळा कसा बसतो? थापा माराल तर तुमच्या लग्नातली फजिती सुनेला सांगेन.

भाऊजी हौदावर वाकले. मग म्हणाले, “नक्की सांगता येत नाही, वहिनी. तुकडा बुडवून बघतो, मग ठरवतो.”

सुनेनं ते वाक्य जसंच्या तसं यंत्रात घातलं. जुनी बिघडलेली कामं त्याच्यापुढं टाकून त्याची परीक्षाही घेतली. आता अडलं की ते खुशाल सांगतं, तुकडा बुडवून बघा. तेव्हापासून खात्याचा त्याच्यावर विश्वास बसला आणि मालकीणबाईंनी ते ठेवलं.

काल नवाच रंग आला. सुनेनं विचारलं, बाबा, याचं काय करायचं? अख्ख्या खात्यासमोर भाऊजी म्हणाले, “मला माहीत नाही, पोरी. तू बुडवून बघ आणि मला शिकव.”

आता ते खुशाल घरी बसोत, मला कसलीच काळजी नाही.

तुम्ही ऐकून घेतलंत, मी आभारी आहे. उणंअधिक बोलले असेन तर पदरात घ्या. आणि ती लग्नातली फजिती ऐकायची असेल, तर चहाच्या वेळी माझ्या खुर्चीपाशी या.